काकांच्या जीपची खडखड

काका गेले आणि काकूंनी त्यांची जुनी डिझेल जीप मला विकली, ती एका अटीवर. "दुरुस्त झाली की आधी माझ्या दारात आण. वळणावर तिची खडखड ऐकू आली की मी फाटक उघडायला धावायचे."

मी कसलीच कसर ठेवली नाही. इंजिनखालची झिजलेली रबरं बदलली, नवाकोरा सायलेन्सर बसवला. जीप अगदी लोण्यासारखी चालू लागली.

आज दारात नेली, तर फाटक बंदच. हॉर्न दिल्यावर काकू खिडकीतून डोकावल्या. "तू होय? मघापासून कान लावून बसलेय. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाची तरी गाडी आली."



जुना फुटका सायलेन्सर मी सकाळीच भंगारात दिला होता.