नीडमधला गप्प के

तांब्यातलं पाणी थरथरलं, खिडकीची काच खणखणली आणि लुंबिनी अनवाणीच जिना उतरत सुटली.

अर्ध्या जिन्यात बानो चाची आडव्या आल्या. हातात चहा आणि गरमागरम बन.

"कुठं निघालीस बेटा?"

"चाची, भूकंप!"

"कशाचा भूकंप! मिक्सर हाय तो. तुझ्या खोलीच्या बरोबर खाली. चल, दावते."

नांदेडात क्लासेसच्या मागच्या गल्लीत चाचींचं घर. खाली बेकरी, वर क्लासच्या पोरींना भाड्यानं दिलेल्या खोल्या. बेकरीत वाजिद चाचा मैद्याचं पोतं ओतत होते. मिक्सर घुरघुरत होता, मधूनच त्याचा पट्टा कोंबडीगत किंचाळायचा, आणि भिंतीसकट सगळं लटलट हलत होतं.

लुंबिनी हसली खरी, पण बेकरीच्या उंबऱ्याच्या आत काही आली नाही. तिची आई पारूबाई लहानपणी किल्लारीकडं दगडमातीच्या ढिगाखालून जिवंत निघालेली. ती अजूनही छताखाली झोपत नाही. पोरीला तिनं बाराखडीच्या आधी एकच धडा दिला होता, जमीन बोलली की आधी पळायचं, विचार बाहेर जाऊन करायचा.

यंदा हिंगोलीकडून धक्के आले, तेव्हा लुंबिनी दोन्ही वेळा क्लास सोडून थेट मुखेडच्या एसटीत बसली. दुसऱ्या खेपेला तिचे वडील ग्यानोबा दारातच म्हणाले, "लई झालं. आता पुन्हा पळून आलीस तर क्लास बंद. डॉक्टर होणार म्हणं! पेशंट सोडून पळशील की गं!"

म्हणजे डॉक्टर व्हायचं असेल तर आता पळायचं नव्हतं. काही झालं तरी.

"भ्या वाटलं ना, की माझी इंग्लिश म्हणत जा," वाजिद चाचा म्हणाले. हैदराबादेच्या हॉटेलात ते बरीच वर्षं राबले होते. "मिक्स, नीड, रेस्ट, प्रूफ, पंच, बेक. पाव असाच होतो बघ."

लुंबिनीला भलतीच मजा वाटली. फिजिक्सच्या सरांचं रेस्ट म्हणजे गपगार पडून राहणं, इथं मात्र रेस्टमध्ये मैदा हळूहळू फुगत असतो! गणितातलं प्रूफ जमता जमत नाही, आणि इथं नुसतं उबेला ठेवलं की झालं प्रूफ!

"आणि नीड म्हणजे?"

"मळणं. स्पेलिंगमध्ये सुरुवातीला के लावत्यात. पर तो गप्प."

"मग ठेवलाय कशाला?"

"ऐकू येत न्हाई म्हणून न्हाई, असं थोडंच हाय बेटा?"

"नीट पास व्हायच्या आधी नीड पास व्हते बघा!" लुंबिनी म्हणाली, आणि चाचा पोट धरून हसले.

त्या दिवसापासून सकाळी तांब्या हलला की लुंबिनी डोळे मिटून पुटपुटायची, मिक्स, नीड, रेस्ट... बेकपर्यंत पोचेस्तोवर सगळं शांत झालेलं असायचं. हळूहळू डोळे मिटायचीही गरज उरली नाही. पुढं पुढं तर ती हलत्या टेबलावरच गणितं सोडवू लागली. तिनं घरी फोन करून सांगितलंसुद्धा, "बाबा, आता म्या न्हाई भीत!"

मग शेजारच्या खाटेवर हिमायतनगरची अर्शी राहायला आली. पहिल्याच सकाळी चाचींनी चहाबरोबर टोस्ट आणले.

"आज बन न्हाई पोरींनो, यावरच भागवा," म्हणून त्या घाईघाईनं खाली गेल्या.

"टोस्ट म्हणजे काय सांग?" लुंबिनीनं रुबाबात विचारलं. "कालचाच पाव. कापून दुसऱ्यांदा भाजलेला."

"तुला लई येतं गं बेकरीतलं!" अर्शी म्हणाली.

तेवढ्यात काच खणखणली. तांब्या सरकला. अर्शी टोस्ट टाकून दाराकडं पळाली.

लुंबिनी तिच्या आधी पोचली. तिनं कडी लावली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"बस खाली! मिक्सर हाय तो. म्यापण अशीच पळत होते. एकदा का पळायची सवय लागली की क्लास सुटतो बघ."

"भिंत हलून राहिली गं!"

"हलू दे. माझ्यामागं म्हण. मिक्स."

"मिक्स," अर्शी रडत रडत म्हणाली.

"नीड. रेस्ट."

खालून नुसती घुरघुर येत होती. पट्टा किंचाळत नव्हता. चाचांनी तेल घातलं असेल, लुंबिनीच्या मनात आलं.

"प्रूफ. पंच. बेक."

बेक झालं. तांब्या खाली पडून गडगडत गेला.

"टोस्ट," लुंबिनीनं एक शब्द पदरचा जोडला. फळीवरची पुस्तकं धडाधड कोसळली.

"ताई, पाया पडते, कडी काढ!"

"वेडी का काय तू? मैदा जास्त घातला असंल आज."

गल्लीतून बानो चाची दोघींच्या नावानं जीव तोडून ओरडत होत्या. लुंबिनीनं मान वळवून खिडकीतून पाहिलं. वाजिद चाचा भररस्त्यात उभे राहून वर बघत दोन्ही हात हलवत होते. हात कोपरापर्यंत ओल्या मैद्यानं माखलेले.

"खाली या गं पोरींनो! मिक्सर तर कालच दुरुस्तीला धाडलाय!"