न फुटलेलं पाकीट

हुऑन खोऱ्यातल्या स्काउट मेळाव्याची रीतच होती: ज्या पथकाचं पाणी आधी उकळेल, साऱ्यांना चहा पाजायचा मान त्याचा. पथकप्रमुख मेरिन दरवर्षी चहाचं पाकीट खिशात घालून यायची, दुसऱ्यांचा चहा पिऊन पाकीट तसंच परत न्यायची. आज लाकडं ओली होती आणि पोरांच्या हातात शेवटची आगकाडी. "यंदाही आमचाच चहा ना, मेरिन?" शेजारच्या पथकाचा रोरी खिदळला. "तू तुझा धूर सांभाळ!" ती कडाडली. "पोरांनो, ओंडका फोडा. आतून कोरडा असतो." पोरांनी ढलप्या काढल्या, ओंजळीच्या आडोशात काडी ओढली. जाळ भडकला आणि रोरीच्या आधी त्यांच्या किटलीचं झाकण थडथडलं. मेरिननं पाकीट फोडलं, चहा वाटला. पहिल्या घोटालाच रोरीचं तोंड वाकडं झालं. "अगं, हा चहा की भुसा? कधीचा आहे?" "आम्ही पहिल्यांदा हरलो ना, त्या वर्षीचा."