सहा इंच

निशिगंधाच्या सासूबाईंचे गुडघे उतारावर साथ देईनात, म्हणून मंदारने सेकंडहँड गोल्फ कार्ट, म्हणजे बॅटरीवरची छोटी उघडी गाडी, घेतली. त्यांचं घर अमेरिकेत, अल्बनी शहराच्या बाहेर टेकडीवर आणि सासूबाईंचा मेथी-कोथिंबिरीचा वाफा पार खाली, गेटपाशी. निशिगंधाला तेव्हा नवऱ्याचं कौतुकच वाटलं होतं.

मग पंधरा दिवस जेवताना एकच विषय. कार्ट उंच करायला लिफ्ट किट चार इंचांचं घ्यायचं की सहा, टायर रस्त्याचे की चिखलातले. "सहाच घेऊ. चार इंचांत रुबाब येत नाही," मंदार म्हणायचा.

"अरे, पण आईंना चढता येईल का?" निशिगंधाने दोनदा विचारलं. त्याने मोबाइलमधून मान वर केली नाही.

शनिवारी कार्ट सजून दारात आली. सासूबाईंनी दांडी धरून पाय उचलला, पुन्हा उचलला. पाय काही वर पोचेना.

"सवय कर आई, तेवढाच व्यायाम!" मंदार हसत म्हणाला आणि लेकीला शेजारी बसवून सेल्फी काढू लागला. निशिगंधाला त्या हसण्याची शिसारी आली.

सासूबाईंनी काठी घेतली आणि त्या एकेक पाऊल टाकत उतार उतरू लागल्या. निशिगंधाने धावत जाऊन त्यांचा हात धरला. अर्ध्या वाटेवर मागून हॉर्न वाजला, पाठोपाठ मंदारचा आवाज.



"आई, बाजूला हो ना जरा, व्हिडिओत तू मध्ये येतेयस!"