दर दोन मिनिटांनी

आठ दिवस भरसमुद्रात बोटीवर मुक्काम आणि रोज पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली उतरून प्रवाळ बघायचे. मला पोहता येत नाही, म्हणून मी डेकवर. खाली नवऱ्याची जोडीदार एक डॉक्टरीणबाई! संध्याकाळी त्यांचा व्हिडिओ बघितला, तर हा पठ्ठ्या दर दोन मिनिटांनी हाताने खूण करून तिला विचारतोय, ठीक आहेस ना?

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "बारा वर्षांत मला कधी विचारलंस?"

"अगं, नियमच आहे तो. पाण्यात बोलता येत नाही ना! हवा संपली, तर गळ्यावरून आडवा हात फिरवायचा. जोडीदार लगेच धावून येतो."



घरी आल्यावर जेवणाच्या टेबलाशी मी गळ्यावरून आडवा हात फिरवला. तो मोबाईलमध्ये मान घालून डॉक्टरीणबाईंना फोटो पाठवत होता.