कापसाचा कागद

साक्रीच्या केसरबाईंच्या पत्राला गिरधरनानांनी उत्तरच दिलं नव्हतं. घरातून निघून गेलेल्या भटूचा फोटो मोठा करून हवा होता. 'पोऱ्या परत येईपर्यंत रंग उडायला नको,' एवढीच त्या माउलीची अट. तसा कागद काही नानांच्या मनास येईना.

अखेर धुळ्यातल्या त्यांच्या स्टुडिओत कापसाचा जाड हातकागद आला. संगणकाच्या प्रिंटरमधून पहिली प्रत निघाली आणि नाना थबकले. भटूचे डोळे मिटलेले होते.

पडद्यावर ते उघडे होते. गुळगुळीत कागदावरही उघडेच. कापसाच्या प्रत्येक कागदावर मात्र मिटलेले.

"माझंच काही चुकत असेल," प्रती दोरीवर वाळत घालताना नाना पुटपुटले.

द्रौपदाबाईंनी नवऱ्यापुढे चहा ठेवला. "कागद निवडताय की नवरी? तो गुळगुळीत पाठवा."

"वर्षभरात रंग उडेल त्याचा."

"उडू द्या. मिटल्या डोळ्यांच्या फोटोला लोक हार घालतात."

नानांनी गुळगुळीत प्रत चार ओळींच्या उत्तरासोबत पाकिटात घातली आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकली.

परतले तर द्रौपदाबाई दारातच उभ्या होत्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "दोरीवरच्या सगळ्यांनी डोळे उघडलेत."

पेटी रिकामी करून टपालाची लाल गाडी तेवढ्यात दारावरून पुढे गेली.