उतारावरचे फोटो

लॅपटॉपचा पंखा किंचाळत होता आणि फोटो पुढे सरकत नव्हते.

भाजे गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात संदेश स्क्रीनला डोळे लावून बसला होता. सकाळी धुकं जरा फाटलं, तेवढ्यात बचाव पथकाच्या ड्रोनने विसापूर किल्ल्याच्या कड्याखालचा सगळा उतार टिपला. मग धुकं पुन्हा बसलं, ते बसलंच. चुकलेली गाय शोधायला काल गेलेला बारकू त्या उतारावर कुठंतरी होता. हजारो फोटोंतून माणसाचा आकार हुडकणारा प्रोग्राम पथकाकडे होता, पण तो पेलेल असं यंत्र गावात एकच होतं. संदेशचं, गेम खेळायचं.

"किती राहिले?" पथकाचा प्रमुख प्रदीप उभाच होता. खांद्यावरचा दोर त्याने उतरवलाच नव्हता.

"निम्म्याच्या वर, दादा."

"अंधार पडला की मी पोरांना कड्यावर सोडणार नाही. आधीच सांगतो."

संदेशने सुरुवातीलाच ग्राफिक्स कार्डचा वेग मर्यादेच्या वर चढवला होता. गेम खेळताना तो नेहमी असंच करायचा. आधी फोटो भराभर गेले. मग प्रोसेसरने मान टाकली. तापमान वर, वेग तळाला.

त्याने लॅपटॉप विटांवर उचलून ठेवला. जाळीतली धूळ फुंकून काढली. शाळेतला टेबलफॅन आणून लावला. शेवटी कार्डाचा वेग आणखी चढवला. फोटो आणखी रेंगाळले.

बारकूची बायको चिमाबाई भिंतीला टेकून बसली होती. सकाळपासून तिने चहालाही हात लावला नव्हता. ती उठून जवळ आली.

"तापलंय का रं ते?"

"व्हय, मावशी. लय तापलंय."

तिने पदराचं टोक धरलं आणि लॅपटॉपला वारा घालायला लागली. संदेशला नको म्हणवेना. त्याने कार्ड आणि प्रोसेसर, दोघांच्या तापमानाच्या आणि वेगाच्या रेघा शेजारी शेजारी उघडल्या आणि एकदम थांबला. कार्डाची रेघ वर चढली, की प्रोसेसरची खाली पडत होती. दोघांची उष्णता बाहेर नेणारी तांब्याची नळी एकच. कार्ड तिला पुरतं तापवत होतं, प्रोसेसर जळू नये म्हणून मंद होत होता, आणि त्याने फोटो उघडून दिल्याशिवाय कार्डाला पुढचं काम मिळत नव्हतं.

संदेशने कार्डाचा वेग उतरवला. नेहमीपेक्षाही खाली.

"कमी करतोयस? आत्ता?" प्रदीप ओरडला.

संदेशने रेघांकडे बोट दाखवलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. पंख्याचा आवाज बसत गेला. मग प्रोसेसरची रेघ हलली, उठली, आणि फोटो धावायला लागले.

चिमाबाईचा पदर हलतच होता.

स्क्रीनवर लाल चौकोन उमटला. संदेशने फोटो मोठा केला. कारवीच्या झुडपांमागे, कपारीच्या कडेला माणूस पडला होता. एक हात वर, सरळ ड्रोनकडे.

प्रदीपने ती जागा मोबाइलवर घेतली. "चला रे!" म्हणत तो पायऱ्या उतरून पळाला. त्याच्या मागोमाग पथक धुक्यात शिरलं. व्हरांडा रिकामा झाला.

संदेशने पुढचा फोटो उघडला. हात वरच. त्याच्या पुढचा उघडला. हात खाली आला होता, छातीवर.

चिमाबाई वाकून बघत राहिली.

"सकाळचं हाय न्हवं हे?"

"व्हय, मावशी."

"हात खाली घेतला ह्यांनी," ती म्हणाली. "वाटलं आसंल, दिसलो म्हणून."