नऊ नळ्या

आजारी वडिलांच्या उशाशी नऊ दिवस काढून ती प्रयोगशाळेत परतली, ती मनाची तयारी करूनच. तिचे जिवाणू भलते नाजूक. रोज ताज्या खाद्याच्या नळीत हलवले नाहीत, तर तिसऱ्या दिवशी मरायचे. पीएच.डी.ची तीन वर्षं पाण्यात गेली, हे तिने गृहीतच धरलं होतं.

तिचा इन्क्युबेटर, जिवाणू उबेत ठेवायचं कपाट, गार पडला होता. दारावर ‘बिघडला आहे’ अशी चिठ्ठी.

“तिकडे नाही, माझ्यात बघ,” मागून सीनियर म्हणाली. शोधनिबंधात कुणाचं नाव आधी, यावरून दोघी आठ महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या.

सीनियरच्या इन्क्युबेटरमध्ये नऊ नळ्या ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीवर सीनियरच्या अक्षरात तारीख, रविवारचीसुद्धा.

“बाबा कसे आहेत?”

“कालपासून जेवायला लागलेत.”

“बरं झालं. तुझे जिवाणू मात्र फार लाडावलेले आहेत बाई. जरा उशीर झाला की मान टाकतात.”

“आणि तुझे कुठे ठेवलेस?”

“तुझ्या तापमानाला माझे जगत नाहीत.” सीनियर काचपट्टी पुसू लागली. “माझे जिवाणू-संग्रहातून मागवले की परत मिळतात गं. तुझे ज्या झऱ्यातले, तो तर आटला.”

तिने एप्रन चढवला, आपलं स्टूल उचललं आणि सीनियरच्या टेबलाशी आणून ठेवलं.

“मागवायचा अर्ज मी लिहिते, ताई. तू नुसती सही कर.”